हळदीकुंकवाची गाडी

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला काय द्यायचं, हे मला कोणी विचारलं नव्हतं. वसुधा, म्हणजे माझी बायको, वरणाला फोडणी देता देता स्वतःशीच बोलत होती आणि मी टेबलाशी बसून काकडी खात होतो. शहाण्या माणसानं काकडीच खाल्ली असती.

"शाल द्यावी तर अप्पांकडे इतक्या शाली झाल्यात की आई त्या गाद्यांखाली अंथरते," वसुधा म्हणत होती. "घड्याळ द्यावं तर काटे दिसत नाहीत. पुस्तक द्यावं तर अक्षरं दिसत नाहीत."

"त्यांना त्यांची गाडी देऊ या," मी म्हणालो.

"ती विकून वर्ष झालं."

"ती नव्हे. तशीच, पण लहान. लाकडाची. मी करतो."

मोहरी तडतडली आणि मग जळाली. वसुधानं गॅस बंद केला, जवळ आली आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

"म्हणजे कोणाकडून तरी करून घेणार," ती म्हणाली.

"मी स्वतः. या हातांनी."

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. त्यांतल्या एकात काकडी होती.

आता अप्पांबद्दल आणि त्यांच्या गाडीबद्दल सांगायला हवं. अप्पा, म्हणजे माझे सासरे गोपीनाथराव, उज्जैनला वकिली करायचे आणि त्यांच्याकडे एक अँबॅसिडर होती. एकदा तिला रंग द्यायचा निघाला तेव्हा त्यांच्या ओळखीच्या पेंटरकडे गणपतीच्या रथाचा रंग उरला होता. अप्पांनी तोच लावून घेतला. खाली सगळं अंग कुंकवासारखं लाल आणि वर टप हळदीसारखा पिवळा. अख्खं उज्जैन तिला हळदीकुंकवाची गाडी म्हणायचं. कोर्टातले विरोधी वकीलसुद्धा ती दिसली की आधी हात जोडायचे आणि मग आत कोण बसलंय ते बघून खाली सोडायचे.

पुढे अप्पांची नजर अधू झाली. मुलगा रवींद्र आमच्याच भोपाळला सचिवालयात, त्याला शिवाजीनगरात सरकारी क्वार्टर. तो आईअप्पांना इकडे घेऊन आला. क्वार्टरला गॅरेज नव्हतं आणि अप्पांना रस्ता दिसत नव्हता, त्यामुळे गाडी विकली. तेव्हापासून अप्पा व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून असत. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचे. जेवलात का, तर हो. झोप लागली का, तर हो. ज्या माणसानं आयुष्यभर न्यायाधीशांना बोलू दिलं नाही, तो असा गप्प झालेला बघून वसुधाचं काळीज तुटायचं. दर रविवारी तिकडून परतताना स्कूटरवर माझ्या मागे बसून ती डोळे पुसायची.

हे झालं तिचं दुःख. माझं दुःख निराळं होतं. अप्पांना जावई म्हणून मी मान्य होतो, इंजिनिअर म्हणून नव्हतो. मी आमच्या कारखान्याच्या प्लॅनिंग विभागात आहे. कारखान्यात अजस्र यंत्रं बनतात. ती मी बनवत नाही. ती कोणी, कुठे आणि कधी बनवायची हे मी सांगतो. (सांगतो म्हणजे लिहितो. ऐकत कोणी नाही.) लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत देवासच्या रस्त्यावर ती हळदीकुंकवाची गाडी बंद पडली. अप्पांनी बॉनेट उघडलं आणि मोठ्या आशेनं म्हणाले, "जावईबापू, जरा बघता का?" मी खाली उतरलो आणि बघितलं.

"बघितलंत?" अप्पांनी विचारलं.

"हो."

"मग?"

"छान आहे," मी म्हणालो.

त्या दिवसापासून अप्पा माझी ओळख करून देताना म्हणायचे, "हे आमचे जावई. इंजिनिअर आहेत. कागदावरचे." माणूस चेष्टा सहन करतो, पण ही चेष्टा नव्हती, त्यांना तसं खरंच वाटत होतं. म्हणून मला ती गाडी स्वतःच्या हातानं करायची होती. अप्पांच्या तोंडून एकदा तरी ऐकायचं होतं की या माणसाच्या हातात काम आहे.

आमच्या टाऊनशिपमध्ये लाकूड म्हणजे पॅकिंगचं लाकूड. परदेशातून मशिनरी यायची ती भल्यामोठ्या खोक्यांतून, आणि त्या खोक्यांच्या फळ्या आम्ही कर्मचारी विकत घेऊन फर्निचर करायचो. आमच्या पलंगाच्या डोक्याशी 'हे वर ठेवा' अशा अर्थाचे बाण आहेत आणि जेवणाच्या टेबलाखाली छत्रीचं चित्र आहे. पण ते लाकूड पाटासारखं पातळ. मोटारीला ठोकळा लागतो. म्हणून मी अशोका गार्डनला एका लाकडाच्या टालावर, म्हणजे वखारीत गेलो.

"क्या बनाओगे, खाँ?" टालवाल्यानं विचारलं.

"कार."

त्यानं मला नीट न्याहाळलं आणि एक सागवानी ठोकळा पुढे सरकवला. "ये ले जाओ. असली सागौन है. सौ साल चलेगी."

एवढी तर खरी गाडीही चालली नव्हती. मी खूश होऊन ठोकळा घरी आणला.

मी प्लॅनिंगचा माणूस, त्यामुळे लाकडाला हात लावण्याआधी कागद काढला. ऑपरेशन दहा, लाकूड आणणे. वीस, रेषा मारणे. तीस, कापणे. असं करत शेवटचं ऑपरेशन होतं, अप्पा खूश होणे. आमच्याकडे कामांना असे दहादहाचे आकडे देतात, म्हणजे मधलं काही विसरलं तर घालायला जागा राहते. वसुधानं कागद वाचला.

"यात केर काढणे कुठे आहे?"

"ते राहिलंच की."

"पस्तीस घाला. आणि पंचेचाळीस. आणि पंचावन्न."

क्वार्टरच्या मागच्या अंगणात मी बसलो. करवत, पटाशी आणि कानस शेजाऱ्यांची. ठोकायला खलबत्त्यातला बत्ता घरचा. (त्या पंधरवड्यात आमच्या शेंगदाण्याच्या चटणीला सागवानाचा वास होता. वसुधानं त्यालाही एक आकडा दिला.) गाडी ठरली होती एकास बारा या प्रमाणात. पहिल्याच संध्याकाळी डाव्या बाजूच्या मडगार्डचा टवका पटाशीखाली उडाला आणि खड्डा पडला. हरकत नाही, म्हणून उजवीकडचं तेवढंच कमी केलं. मग बॉनेट लांब दिसायला लागलं म्हणून ते आखूड केलं. मग डिकी मोठी दिसायला लागली. आमच्या धंद्यात याला करेक्शन म्हणतात. करेक्शन करता करता एकास बाराची गाडी एकास सतरावर आली. आणखी थोडी सुधारणा झाली असती तर ती किल्लीला अडकवता आली असती.

शेजारच्या विमलताई नागपूरच्या. कुंपणाच्या भिंतीवरून त्या रोज माझं काम बघायच्या. एके दिवशी त्या कौतुकानं म्हणाल्या, "मस्त बनवला हो भाऊजी. तान्ह्या पोळ्याला आमच्या नागपुरात पोट्टे असेच घेऊन फिरतात. फक्त शिंगं लावायची राहिली."

"विमलताई, ही मोटार आहे."

"अस्सं?" त्यांनी मान वाकडी करून बघितलं. "मग हे वशिंड कशाचं?"

ते वशिंड म्हणजे टप होता. त्यावर मी रात्रंदिवस कानस चालवली तेव्हा कुठे तो टप दिसायला लागला. चाकं वेगळी करून बसवायचा बेत होता, पण पहिलं चाक करता करता त्याचं बटण झालं. म्हणून चाकं मी गाडीतच कोरून टाकली. फिरत नव्हती, पण होती. डाव्या दाराशी पटाशी सटकली होती तिथे फुगवटा राहिला आणि मागचा बंपर एका बाजूला खोल गेला. तरीही पॉलिश पेपर मारून गाडी टेबलावर ठेवली तेव्हा वसुधानं वाकून ती चारही बाजूंनी बघितली. मग तिनं टपावरून हात फिरवला.

"अहो, दिसतेय की," ती म्हणाली. एवढ्या तीन शब्दांसाठी मी आणखी एक ठोकळा फोडायला तयार होतो.

रंग तिनंच दिला. लाल कसा हवा, पिवळा कसा हवा, हे फक्त तिलाच आठवत होतं. रंग सुरेख लागला. पण दिवस श्रावणाचे. भोपाळच्या त्या दमट हवेत आमचे टॉवेल वाळत नव्हते तिथे ऑइल पेंट काय वाळणार? बोट लावलं की बोटाला कुंकू. पंचाहत्तरी शनिवारी आणि मंगळवारीसुद्धा गाडी ओलीच. तेव्हा मला ते सुचलं.

आमच्या कारखान्यात पॅटर्न शॉप म्हणून एक विभाग आहे. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा असेल तर आधी त्याचं लाकडी रूप तिथे बनतं. ते वाळूत दाबून साचा तयार करतात आणि साच्यात लोखंडाचा रस ओततात. लाकूड कोरडं राहावं म्हणून त्या शॉपमध्ये एक छान उबदार खोली आहे. तिथे एक दिवस गाडी ठेवली की रंग खडखडीत.

बुधवारी सकाळी गाडी वर्तमानपत्रावर ठेवून, दोन्ही हातांत आरतीसारखी धरून मी कारखान्याच्या गेटवर आलो. पहारेकरी शंकर सिंह यानं तिचं तोंडभरून कौतुक केलं. लाकडाची आहे ना, असं दोनदा विचारलं आणि आत सोडलं. पॅटर्न शॉपचा फोरमन सुभाष तिवारी, माझ्या रोजच्या बसण्याउठण्यातला. तो त्या वेळी कोणाशी तरी भांडत होता. मी गाडी त्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "तिवारीजी, ये बहुत अर्जंट है. शुक्रवार तक तैयार चाहिए."

"हो जाएगा, पेंढारकर साहब," तो मान न वळवता म्हणाला.

इथे मी काय केलं ते सांगितलं पाहिजे. नोकरीला लागल्यापासून त्या टेबलावर मी हेच वाक्य म्हणत आलो होतो. ते म्हणजे ओतकामाचा हुकूम. एवढी वर्षं त्या हुकुमाकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. माझे अर्जंट भाग पावसाळ्यात दिले की होळीला निघत. तेव्हा मला स्वप्नात तरी वाटेल का, की हा कारखाना माझं ऐकायला नेमका हाच आठवडा निवडेल?

शुक्रवारी सकाळी मी गाडी न्यायला गेलो. तिवारीनं मला पाहिलं आणि तो चक्क खुर्चीवरून उठला. असंही आजवर झालं नव्हतं.

"आइए साहब. हो गया आपका काम."

"सूख गया?"

"सूखना क्या है, ढल गया."

त्यानं टेबलावरचं गोणपाट बाजूला केलं. खाली माझी गाडी होती. तोच फुगवटा, तोच खोल गेलेला बंपर, तीच न फिरणारी चाकं. फक्त ती काळपट राखाडी होती आणि टेबल तिच्या बाजूनं थोडं कललं होतं.

"ये लोहे की है," मी म्हणालो.

"एकदम बढ़िया लोहा, साहब. कल दोपहर को ढाला."

मी हातानं उचलायला गेलो. गाडी जागची हलली नाही, माझी पाठ मात्र हलली.

"और लकड़ी वाली?"

तिवारीचा चेहरा जरा पडला. त्यानं टेबलाखालून एक पिशवी काढली. आत लाल-पिवळी ढलप्यांची रास होती. "इसमें आपकी गलती है, साहब. रेत में से निकालना हो तो दीवार में थोड़ा ढलान देना पड़ता है. आपने कहीं दिया ही नहीं. खींचा तो टूट गया. पर साँचा अच्छा आया था, लड़कों ने संभाल लिया."

मी पिशवीत हात घातला. एक चाक सापडलं. ते आता फिरत होतं.

"लेकिन तिवारीजी, आपने ढाला क्यों?"

"लाल रंग था न, साहब."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्याकडे लाकडी पॅटर्नला रंग देतात ते हौस म्हणून नव्हे. लाल म्हणजे ओतल्यावर जसं निघेल तसं राहू द्या. पिवळा म्हणजे हा भाग मशीनवर घासून सपाट करा. (हे मी कॉलेजात पाठ केलं होतं. परीक्षेतही आलं होतं आणि पूर्ण गुण मिळाले होते.) मी गाडीच्या टपाकडे बघितलं. ज्या टपावर मी जिवापाड कानस चालवली होती तो ताटासारखा सपाट होता आणि आरशासारखा चमकत होता.

"पूरा ऊपर पीला था, तो मिलिंग पे चढ़ा दिया," तिवारी म्हणाला. "देखिए, फिनिश देखिए."

"आपको लगा नहीं कि ये कार जैसी दिखती है?"

"लगा न. तभी तो सब ने इतने मन से किया. अपन ने सोचा, कोई मंत्री-वंत्री आ रहे होंगे, भेंट देनी होगी. वरना पेंढारकर साहब खुद गोद में उठाके क्यों लाते?"

आजूबाजूला पाच-सहा माणसं जमली होती आणि प्रत्येकाच्या तोंडावर आपण काहीतरी सुंदर केल्याचा आनंद होता. मी काय म्हणणार? "बहुत अच्छा बना है," असं म्हणालो. दोघांनी ती उचलून माझ्या जुन्या स्कूटरच्या पायांजवळच्या जागेत ठेवली. स्कूटर खाली बसली.

संध्याकाळी गेटवर शंकर सिंह वाकला, बोटानं गाडीवर टकटक केलं आणि सरळ उभा राहिला.

"साहब, अंदर तो लकड़ी की गई थी."

"हाँ."

"और बाहर लोहे की आ रही है."

"वही है, शंकर सिंह."

"साहब, मैं बरसों से गेट पे हूँ. लोग बहुत कुछ ले जाते पकड़े गए. पर ऐसा किसी ने नहीं बोला."

त्यानं सुरक्षा अधिकाऱ्यांना बोलावलं, त्यांनी आमच्या मॅनेजर साहेबांना बोलावलं, आणि कारखाना सुटायच्या वेळेला, जेव्हा माझ्या ओळखीचं यच्चयावत माणूस सायकलवरून बाहेर पडत होतं, तेव्हा मी गेटच्या मधोमध उभा राहून सासऱ्यांची पंचाहत्तरी, श्रावणातली हवा आणि ऑइल पेंट असा सगळा वृत्तान्त सांगितला. मॅनेजर साहेब शेवटपर्यंत गंभीरपणे ऐकत होते. मग त्यांनी रुमाल काढला आणि तोंडाला लावला. त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते. शेवटी गाडी भंगार म्हणून माझ्या नावावर करून बाहेर सोडण्यात आली.

घरी आल्यावर मी वसुधाला काही सांगितलं नाही. वाटेवरच्या एकाला हाताशी घेऊन, गोणपाटात गुंडाळलेली गाडी टेबलावर ठेवली आणि बाजूला उभा राहिलो. ती लगबगीनं आली, उचलायला गेली आणि तिथेच वाकलेली राहिली.

"अहो, ही उचलत का नाही?"

मी सांगितलं. गोणपाट काढलं, पिशवीतल्या ढलप्या दाखवल्या. वसुधा खुर्चीवर बसली. आता ही रडणार, असं मला वाटलं, कारण उद्या कार्यक्रम होता आणि आमच्या हातात शालसुद्धा नव्हती. तिनं एक ढलपी उचलली, तिच्यावरचा आपण दिलेला रंग बघितला आणि हसायला लागली. मी कधीच न पाहिलेलं हसू. मध्येच थांबायची, गाडीकडे बघायची, की पुन्हा सुरू. विमलताई भिंतीवरून डोकावून विचारत्या झाल्या की काय झालं, तर तिला सांगताही येईना.

"अप्पांच्या हातात कशी द्यायची हो ही?" शेवटी डोळे पुसत ती म्हणाली.

"हातात नको द्यायला. पुढ्यात ठेवू."

"आणि त्यांनी विचारलं, असं का, तर?"

"तर मी पुन्हा कागदावरचा," मी म्हणालो. हे मी हसत म्हणायला गेलो होतो, पण तसं निघालं नाही. वसुधानं माझ्याकडे बघितलं, उठली आणि रंगाचे डबे घेऊन आली. लोखंडाला विस्तवाची भीती नाही, गाडी रात्रभर गॅसच्या शेगडीशेजारी ठेवली आणि रंग सकाळपर्यंत वाळला.

शनिवारी रवींद्रच्या क्वार्टरमध्ये पाहुण्यांची दाटी होती. इंदूरचे, ग्वाल्हेरचे, सगळे आले होते. अप्पांना पाटावर बसवून पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळलं. ते मान खाली घालून बसले होते. नमस्कार झाले की हात वर करायचे, बस. एकामागून एक शाली खांद्यावर चढत होत्या आणि त्या ढिगात अप्पा आणखी लहान दिसत होते.

आमची पाळी आली. मी आणि दोरीनं बांधलेली गाडी (दोरी स्कूटरवरून उचलताना लागली) असे दोघे दारात उभे. रवींद्रला वाटलं खेळणं आहे, त्यानं पुढे होऊन एका हातानं उचलायला बघितलं आणि "अरे बाप रे" म्हणून हात झटकत मागे सरकला. शेवटी आम्ही दोघांनी मिळून ती अप्पांच्या समोरच्या चौरंगावर ठेवली. चौरंग करकरला. खोलीत सगळे माना पुढे काढून बघत होते.

"अप्पा," वसुधा त्यांच्या कानाशी म्हणाली, "हात लावून बघा."

अप्पांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं आधी टपावर पडली, मग काचेवरून घसरत बॉनेटवर आली, बाजूंनी उतरली, चाकांशी थांबली. त्यांनी मान वर केली.

"ही माझी गाडी आहे," ते म्हणाले.

कोणी विचारलं नसताना अप्पा बोलले होते. वसुधानं माझा दंड धरला.

अप्पांनी गाडी दोन्ही हातांनी ढकलून बघितली. ती हलली नाही. "अगदी हीच," ते म्हणाले. "ढकलायला अर्धी गल्ली लागायची. आणि चाकं पण फिरत नाहीत. शेवटी शेवटी कुठे फिरायची? वा." त्यांचा हात डाव्या बाजूला गेला आणि मडगार्डवरच्या खड्ड्यात थांबला. (पहिल्या संध्याकाळची पटाशी.) "हा उज्जैनच्या फ्रीगंजमधला. टांगेवाल्यानं मारला. त्याच्यावर मी दावा लावणार होतो, पण त्याचा घोडा इतका केविलवाणा होता." हात मागे गेला. "हा बंपरचा पोचा कोर्टाच्या फाटकावरचा. हा मीच मारला. न्यायाधीश खिडकीत उभे होते." मग दाराचा फुगवटा सापडला. "आणि हे दार. हे कधीच नीट लागलं नाही. आईला विचारा, दोरीनं बांधायचो. जावईबापू, हे सगळं लक्षात ठेवलंत तुम्ही?"

मी मान डोलावली. (खोटं बोललो असं नाही. मान डोलावणं म्हणजे बोलणं नव्हे.)

त्यानंतर अप्पा थांबलेच नाहीत. त्यांनी कोर्टाचं फाटक सांगितलं, देवासचा रस्ता सांगितला, महाकालच्या यात्रेत गाडी गर्दीत अडकली तेव्हा लोकांनी तिलाच नारळ वाढवला ते सांगितलं. त्यांच्या त्या जुन्या कोर्टातल्या आवाजानं खिडक्या भरून गेल्या. शाली केव्हाच खाली पडल्या होत्या. कोणीतरी चहा दिला तर त्यांनी पेला अलगद त्या सपाट टपावर ठेवला आणि म्हणाले, "हे बाकी सोयीचं केलंत." सासूबाई हसत होत्या आणि पदरानं डोळे टिपत होत्या. वसुधानं तर रडू लपवायचा प्रयत्नही सोडून दिला होता. मला वाटलं, लाकूड मोडलं हे किती बरं झालं.

गोष्टी संपल्यावर अप्पांनी मला जवळ बसवून घेतलं आणि माझा हात हातात घेतला. तळव्यावरचे फोड, अंगठ्याची पट्टी, पटाशीचे ओरखडे त्यांनी चाचपून पाहिले.

"मी तुम्हाला कागदावरचे इंजिनिअर म्हणायचो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ते विधान मी मागे घेतो. हे हाताचं काम आहे."

ग्वाल्हेरच्या मंडळींनी माना डोलावल्या. माझी छाती इतकी फुगली की शर्टाची गुंडी तुटायची बाकी होती. तिवारीचं नाव ओठांवर आलं होतं, पण म्हटलं, थोडं थांबून सांगू.

एवढ्यात अप्पांची बोटं पुढच्या उजव्या दिव्याशी पोहोचली. त्या अख्ख्या गाडीत तेवढाच भाग मला जसा हवा तसा साधला होता. मडगार्डची गोलाई, दिव्याभोवतीची कडी, सगळं मापात. एक पुरा रविवार त्यात गेला होता आणि लोखंडातही ते तसंच उतरलं होतं. मी पुढे झुकलो. अप्पांनी तिथून एकदा बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"इथे मात्र तुम्हाला जमलं नाही," ते म्हणाले. "हे फारच सुबक झालंय. माझा हा दिवा चेपलेला होता."

अप्पांनी समजूत घालावी तशी माझी पाठ थोपटली.

"असू द्या हो, मनाला लावून घेऊ नका. हाताच्या कामात एखादी चूक राहायचीच."